रायगड किनाऱ्यावरील मार्गरक्षक किल्ले

रायगड किनाऱ्यावरील मार्गरक्षक किल्ले : महाराष्ट्र राज्याच्या रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात सह्याद्रीचे घाट, खाड्यांची मुखे आणि त्यांना जोडणारे खुष्कीचे रस्ते यांवर देखरेख ठेवण्यासाठी बांधलेले लहानमोठे किल्ले. राजधानीचा मान मिळालेला रायगड किंवा अजिंक्य म्हणून गाजलेला जंजिरा यांच्या तुलनेने हे किल्ले आकाराने लहान व अल्पपरिचित आहेत. तथापि या प्रदेशावर सत्ता कोणाची, याचा निर्णय बव्हंशी त्यांच्याच ताब्यावर अवलंबून असे. कर्नाळा, सांकशी, सागरगड, सरसगड, सुधागड, अवचितगड, सुरगड, बिरवाडी, घोसाळगड, तळगड, कुर्डूगड, मानगड आणि चांभारगड हे यांपैकी प्रमुख होत. खाडीमुखांवरील कोर्लई व रेवदंडा हे किल्ले याच मालिकेची समुद्राकडील टोके म्हणता येतील.

भौगोलिक पार्श्वभूमी : पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत यांमधील अरुंद पट्टीत हा प्रदेश वसला आहे. सह्याद्रीच्या उतारावरून निघणाऱ्या अंबा, कुंडलिका, मांदाड व सावित्री या नद्या थोड्याच अंतरात समुद्रास मिळतात. त्यांच्या मुखांशी अनुक्रमे धरमतर, रेवदंडा, राजपुरी व बाणकोट या खाड्या आहेत. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते व मचवे या खाड्यांतून पुष्कळ आत येऊ शकत. नागोठणे, रोहे, महाड यांसारख्या गावांची भरभराट त्यामुळे झाली. जेथे जलमार्ग संपे तेथे माल बैलांच्या पाठीवर चढे आणि घाटाच्या वाटेने देशावर जाई.

उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहता बोरघाट, कुरवंडे घाट, सवाष्णी घाट, ताम्हिणी, देवघाट, कुंभे घाट, वरंधा घाट, ढवळे घाट व पार घाट अशा वाटांची मालिका लागते. यांतील काही वाटा लमाणांचे तांडे जाण्याइतक्या सोयीच्या, तर काही केवळ पायवाटा होत्या. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ व भात वर जाई आणि देशावरून धान्य, गूळ, तंबाखू व कापड खाली येई. पेण परिसरातील मिठागरे व घाटमाथ्यावरील बाजार यांचा संबंध या वाटांनीच जोडलेला होता. खाडी, खाडीच्या डोक्याशी असलेले बंदर, नदीचे खोरे आणि घाट अशी चार टप्प्यांची ही साखळी होय. बहुतेक मार्गरक्षक किल्ले या साखळीतील एखाद्या सांध्यावर उभे असलेले दिसतात.

प्राचीन काळ : हे मार्ग किल्ल्यांहून पुष्कळ जुने आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या प्रवासवर्णनात व दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात सेमिल्ला वा सिमुल्ला या नावाने ज्या बंदराचा उल्लेख आहे, ते चौल होय असे सामान्यतः मानण्यात येते. पेरिप्लसमधील मांदागोरा हे बंदर म्हणजे राजपुरी खाडीवरील मांदाड असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मांदाडनजीकच्या कुडे येथील बौद्ध लेणी, तसेच महाडजवळील गांधारपाले आणि सवाष्णी घाटाच्या परिसरातील ठाणाळे व खडसांबळे येथील लेणी जुन्या व्यापारी मार्गांलगतच आढळतात. प्रवासी व व्यापारी यांना आश्रय आणि लेण्यांना त्यांच्याकडून दाने, असा हा परस्परसंबंध होता. या काळात रस्त्यांवर तटबंदीची ठाणी होती की नाही, हे सांगण्याइतके अवशेष उपलब्ध नाहीत. मात्र ज्या डोंगरांवर पुढे किल्ले झाले, त्यांपैकी काहींवर खडकात खोदलेली टाकी व गुहा तटबंदीहून जुन्या असाव्यात असे त्यांच्या धाटणीवरून दिसते.

अन्य देशांतील साम्य : रस्त्याच्या रक्षणासाठी लहान दुर्गांची मालिका उभारण्याची कल्पना अनेक देशांच्या सरहद्दींवर स्वतंत्रपणे उदयास आली. तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे उत्तरकालीन रोमन साम्राज्य होय. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट डायोक्लीशन याच्या कारकीर्दीत सिरियाच्या वाळवंटाच्या कडेने, पामायरा नगरावरून जाणारा एक लष्करी रस्ता तटबंदीच्या ठाण्यांनी सुरक्षित करण्यात आला. जॉर्डनमधील कस्र बशीर हे चौकोनी, चार कोपऱ्यांवर बुरूज असलेले त्याच सुमाराचे ठाणे अद्यापि बऱ्याच सुस्थितीत आहे. डॅन्यूब नदीच्या काठी, हंगेरीतील एस्टरगोमनजीक सापडलेला इ. स. ३७१ मधील शिलालेख या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिल्या व्हॅलेंटिनियनच्या काळी सैनिकांनी ४८ दिवसांत बांधलेल्या एका लहान गढीचा तो लेख असून तिचे नावच ‘व्यापार’ या अर्थाचे होते व त्याच कारणासाठी ती बांधली, असे त्यात नमूद आहे. सरहद्दीवरील ठाणे केवळ शत्रूला अडविण्यासाठी नसते. कोण येतो, काय आणतो व त्यावर काय देतो याची नोंद घेणे हेही त्याचे काम असते, हे या लेखावरून स्पष्ट होते. रोमन ठाणी सपाट भूमीवर, सरळ रस्त्याच्या कडेला, ठराविक आराखड्यानुसार बांधली गेली. रायगड किनाऱ्यावर मात्र रस्ता डोंगराला वळसे घालीत जातो आणि किल्ला डोंगराचा आकार स्वीकारतो. दोहोंचे प्रयोजन सारखे असले, तरी भूमीने त्यांना भिन्न रूपे दिली.

सरहद्दीचे स्वरूप : सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत हा प्रदेश बहुधा दोन किंवा अधिक सत्तांच्या सीमेवर राहिला. गुजरातची सलतनत व अहमदनगरची निजामशाही यांच्या हद्दी पेण–पनवेलच्या परिसरात भिडत होत्या. १५४० मध्ये निजामशाही फौजेने कर्नाळा व सांकशी हे गुजरातचे किल्ले घेतले, तेव्हा गुजरातच्या किल्लेदारांनी वसईच्या पोर्तुगीजांची मदत मागितली आणि काही काळ हे किल्ले पोर्तुगीजांकडे आले. पुढे निजामशाहीशी तडजोड होऊन ते तिच्याकडे गेले. पोर्तुगीजांनी स्वतः १५२१ नंतर निजामशाहीच्या अनुमतीने चौल येथे (रेवदंडा) किल्ला उभारला होता. त्याच्या समोर, खाडीच्या दक्षिणेस कोर्लईच्या टेकडीवर निजामशाहीने तटबंदी सुरू करताच १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती जिंकून घेतली. कारण त्या टेकडीवर तोफा चढल्या असत्या, तर रेवदंड्यात येणारे प्रत्येक जहाज त्यांच्या माऱ्यात आले असते.

सतराव्या शतकात निजामशाहीच्या अस्तानंतर येथे आदिलशाही, मोगल, पोर्तुगीज, जंजिऱ्याचा सिद्दी व उदयोन्मुख मराठी सत्ता असे अनेक दावेदार झाले. शतकाच्या उत्तरार्धात मुंबईकर इंग्रजांची त्यांत भर पडली. ही सरहद्द नकाशावरील रेघ नव्हती. एका खोऱ्यातील बंदर एकाचे, त्यावरील डोंगर दुसऱ्याचा आणि मधल्या गावांचा वसूल दोघांचा, अशी स्थिती सर्रास असे. १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने रेवसनजीक चरई येथे सिद्दी सात याचा पाडाव केल्यानंतर झालेल्या तहात सिद्दीच्या अकरा महालांचे उत्पन्न उभयपक्षी वाटून घेण्याचे ठरले. अशा दुअंमली मुलखात ज्याच्या हाती जवळचा किल्ला त्याचा कारकून वेळेवर वसूल करू शके. रयतेच्या दृष्टीने किल्ल्याचा अर्थ प्रथम हाच होता. किल्ला हाती असलेली सत्ता दुर्बळ झाली, की एकाच पिकावर दोन धन्यांचा हात पडे.

प्रमुख मालिका : बोरघाटाच्या पायथ्याचा प्रदेश, पनवेल बंदर व पेण यांमधील वाटेवर कर्नाळा आहे. त्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका दूरवरून ओळखू येतो. सुळक्याच्या पायथ्याशी खोदलेली टाकी व कोठारे आहेत. घाटावरील बाजूस राजमाची व लोहगड आणि खाली कर्नाळा अशी बोरघाटाची दुहेरी राखण होती. मुंबई–गोवा महामार्ग आजही कर्नाळ्याच्या पायथ्यावरूनच जातो, यावरून जागेची निवड किती नेमकी होती हे ध्यानात येते.

अंबा नदीच्या खोऱ्यात पाली येथील सरसगड व त्याच्या पूर्वेचा सुधागड (जुने नाव भोरप) हे सवाष्णी घाटाकडे जाणाऱ्या वाटांवर लक्ष ठेवीत. सुधागडाचा माथा विस्तीर्ण असून त्याचा महादरवाजा, रायगडाप्रमाणेच, दोन बुरुजांच्या वळणाआड लपविलेला आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर १६८१ मध्ये मराठी राज्याच्या आश्रयास आला, तेव्हा त्याला याच परिसरात ठेवण्यात आले व छत्रपती संभाजी महाराजांनी सुधागडाच्या पायथ्याशी पाली नजीक त्याची भेट घेतली. खालच्या बाजूस नागोठणे येथे अंबा नदीवरील जुना, अरुंद दगडी पूल निजामशाहीच्या काळात, सु. १५८२ मध्ये, चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधविल्याचे सांगितले जाते. चौलकडे जाणारी वाट केवळ पायवाट नव्हती, याचा तो पुरावा होय.

कुंडलिकेचे खोरे या मालिकेचा सर्वांत सुबक नमुना मानता येईल. मुखाशी रेवदंडा व कोर्लई, खाडीच्या दक्षिणेस बिरवाडी, रोह्याच्या उत्तरेस अवचितगड, पूर्वेस खांब गावाजवळ सुरगड आणि दक्षिणेस घोसाळगड अशी त्यांची मांडणी आहे. घोसाळगडापलीकडे तळगड राजपुरी खाडीच्या वरच्या अंगावर पहारा करतो. स्वच्छ हवेत अवचितगडावरून सुधागड, सरसगड व घाटमाथ्यावरील तैलबैल्याच्या भिंती दिसतात. त्यामुळे धुराने वा जाळाने दिलेली सूचना घाटापासून समुद्रापर्यंत अल्पावधीत पोहोचविता येणे शक्य होते. अवचितगड व घोसाळगड येथे शरभशिल्पे आढळतात. अवचितगडावर शके १७१८ (इ. स. १७९६) चा देवनागरी लेख आहे. सुरगडावरील लेखात सिद्दीच्या हुकुमाने झालेल्या बांधकामाचा व मराठी नावांच्या अधिकाऱ्यांचा उल्लेख येतो. सरहद्दीवरील किल्ल्यांचे धनी बदलत, परंतु तेथे राबणारी माणसे बहुधा त्याच खोऱ्यातील असत, हे त्यावरून दिसते.

दक्षिणेकडे कुर्डूगड देवघाटाच्या तोंडाशी, तर मानगड निजामपूरनजीक कुंभे घाटाच्या वाटेवर आहे. महाडजवळील चांभारगड सावित्रीच्या खोऱ्यावर व वरंधा घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर नजर ठेवतो. रायगडास राजधानी केल्यानंतर या दक्षिणेकडील किल्ल्यांना तिच्या बाहेरच्या चौक्यांचे महत्त्व प्राप्त झाले.

बांधणी व कारभार : हे किल्ले रस्ता प्रत्यक्ष अडवीत नसत. त्या काळच्या तोफांचा मारा डोंगरमाथ्यावरून दूरच्या वाटेपर्यंत क्वचितच प्रभावी ठरे. किल्ल्याचे सामर्थ्य वेगळ्या प्रकारचे होते. न जिंकलेला किल्ला मागे ठेवून पुढे गेलेल्या फौजेचे दाणावैरणीचे तांडे शिबंदीच्या छाप्यांना बळी पडत. किल्ला घ्यावयाचा म्हटला, तर शेदोनशे माणसांसाठी हजारोंची फौज कित्येक आठवडे खोळंबून राही. पर्जन्यकाळात घाटवाटा निसरड्या होत, नद्यांना पूर येत व गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागत. त्यामुळे वेढ्याचा हंगाम पावसाळ्यानंतरच्या सात-आठ महिन्यांपुरताच असे. तेवढे दिवस ज्या किल्ल्यात पाणी व धान्य टिकले, तो वाचला.

म्हणूनच या किल्ल्यांवर राजवाड्यांपेक्षा टाक्यांची संख्या मोठी आहे. तळगडाच्या चिंचोळ्या माथ्यावर टाक्यांची रांगच खोदलेली आहे. टाक्यांसाठी काढलेला दगड तटास वापरल्याने एकाच श्रमात दोन कामे साधत. तटबंदी सर्वत्र सारखी नसून जेथे कडा तुटलेला आहे तेथे ती मुळीच नाही; चढण्याजोग्या सोंडेवर मात्र बुरूज, खंदक किंवा खडकात ताशीव उभी भिंत आढळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५) दुर्गप्रकरणी सांगितलेले नियम या किल्ल्यांवर पडताळून पाहता येतात. किल्ल्यास एकच दरवाजा नसावा, चोरवाटा असाव्यात, शेजारी उंच डोंगर असल्यास तोही बांधून घ्यावा, पाणी पाहूनच किल्ला बांधावा व पायथ्याची झाडी राखावी, हे त्यांपैकी काही होत.

मराठी अमलात किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस व कारखानीस हे अधिकारी असत. शिबंदी, हिशेब व कोठार यांची जबाबदारी त्यांच्यात विभागलेली असल्याने एकट्याच्या फितुरीने किल्ला जाण्याचा धोका कमी होई. डोंगराच्या उतारावरील पहाऱ्याच्या जागांना मेटे व किल्ल्याभोवतीच्या नेमलेल्या मुलखास घेरा म्हणत. घेऱ्यातील लोकांना जमिनी देऊन त्यांच्याकडे वाटा राखण्याचे व किल्ल्यास सामान पोहोचविण्याचे काम सोपविलेले असे. सुरगडाच्या पायथ्याच्या घेरासुरगड या गावाच्या नावात ती व्यवस्था टिकून आहे. खालच्या चौकीवर जकात घेतली जाई. सुरक्षित वाट ही व्यापाऱ्यास हवीच असे आणि जकात हे तिचे मोल होते.

इतिहासातील कामगिरी : शिवाजी महाराजांनी १६४८ च्या सुमारास भोरप, घोसाळा व तळा हे किल्ले स्वराज्यात आणले. कर्नाळा त्यांनी १६५७ मध्ये घेतला. १६५९ मध्ये अफझलखानाच्या स्वारीचा लाभ घेऊन सिद्दीने तळा व घोसाळा यांना वेढा घातला. परंतु खानाच्या वधाची वार्ता येताच तो उठवून त्याने माघार घेतली. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची मोगल फौज कुरवंडे घाटाने कोकणात उतरत असता मराठ्यांनी तिला उंबरखिंडीत दोन्ही बाजूंनी कोंडले आणि सामानसुमान ठेवून परत जाण्यास भाग पाडले. येथे तट वा बुरूज नव्हता. वाटेची माहिती हाच दुर्ग ठरला.

या किल्ल्यांचे मोल प्रतिपक्षासही ठाऊक होते. १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा, प्रबळगड, सागरगड व मानगड यांचा समावेश होता, तर महाराजांकडे राहिलेल्या १२ किल्ल्यांत घोसाळा व भोरप हे होते. पनवेल–पेणकडील उत्तरेची वाट मोगलांच्या हाती गेली. कुंडलिका व अंबा यांच्या वरच्या खोऱ्यांवरील पकड मात्र मराठ्यांकडे राहिली. १६७० मध्ये कर्नाळा परत घेण्यात आला. पुढे १६७९–८० मध्ये खांदेरी व कुलाबा यांची उभारणी होऊन खाडीमुखांच्या राखणीस समुद्रातील दुर्गांची जोड मिळाली. १६८९ मध्ये रायगड मोगलांकडे व नंतर सिद्दीकडे गेला. तो १७३३ मध्ये मराठ्यांनी परत मिळविला. रेवदंडा व कोर्लई १७४० मध्ये मराठ्यांकडे आले.

१८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या इंग्रज पलटणीने कर्नाळ्यापासून सुरुवात करून अवचितगड, सरसगड, भोरप व पुढे तळा, घोसाळा, मानगड असे किल्ले अवघ्या काही महिन्यांत घेतले आणि १० मे रोजी रायगडही पडला. हा क्रम पाहता प्रॉथरने नवी मोहीम आखली नसून जुन्या वाटांचाच माग काढला, असे म्हणावे लागते. पूर्वी वेढे घालणाऱ्यांना वर्षानुवर्षे दाद न देणारी ही मालिका इतक्या थोड्या अवधीत ढासळली, याचे कारण तटांची दुर्बलता एवढेच नव्हे. पुण्याची मध्यवर्ती सत्ता कोसळल्याने एकमेकांस कुमक पोहोचविणारी व्यवस्थाच उरली नव्हती. मार्गरक्षक किल्ला एकाकी लढू शकत नाही. त्याचे बळ शेजारच्या किल्ल्यात असते.

ऱ्हास व सद्यःस्थिती : इंग्रजी अमलात सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या व दरवाजे फोडण्यात आले. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता आणि १८६३ मध्ये तेथील लोहमार्ग सुरू झाल्यावर बैलांच्या तांड्यांची वाहतूक ओसरली. लहान घाटवाटा मागे पडल्या आणि खाड्यांच्या डोक्याशी असलेली बंदरे गाळाने व आगबोटींच्या स्पर्धेने निस्तेज झाली. वाट गेल्यावर तिच्या राखणदाराचे कामही संपले. शिबंदी विखुरली, घेऱ्यातील वतने बदलली आणि किल्ले गुराख्यांच्या व ग्रामदेवतांच्या स्वाधीन झाले. कर्नाळ्याभोवतीचे अरण्य १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून राखीव झाल्याने तेथील झाडी टिकून राहिली.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील १२ किल्ल्यांत या जिल्ह्यातील रायगड व खांदेरी आहेत. राजधानी व जलदुर्ग यांचा हा गौरव यथार्थ आहे. मात्र वर वर्णिलेल्या लहान किल्ल्यांपैकी बहुतेकांवर माती धरलेली टाकी, झाडांच्या मुळांनी दुभंगलेले तट आणि उघड्यावर पडलेले लेख हीच स्थिती आहे. त्यांचे महत्त्व सुट्या वास्तूंत नसून परस्परांच्या दृष्टिक्षेपात, पायथ्याच्या घेऱ्यात व घाटापासून खाडीपर्यंत जाणाऱ्या वाटेत आहे. म्हणून त्यांचे जतन करताना एखाद्या बुरुजाची डागडुजी पुरेशी होत नाही. वाट, टाके, मेटे व किल्ला ही सर्व अंगे एकत्र नोंदविली गेली, तरच या सरहद्दीवरील लोक तीन शतके कसे जगले, व्यापार कसा करीत व कोणाच्या भरवशावर घाट उतरत, हे पुढील पिढ्यांना कळू शकेल.